हात न लावलेला डोंगर

माझं माहेर नगरकडच्या कर्जतच्या बाजूचं. आमच्याकडं पोरीचं लग्न ठरवताना जमीन किती, पोरगा काय करतो, भाऊ किती, हे सगळं पुरुष विचारायचे. माझ्या आईनं एकच गोष्ट विचारली, तीसुद्धा दाराआडून. गावाला पाणी आहे का? माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि दाराकडं बघत सांगितलं, "आमच्या डोंगराखालच्या हिरीला भर उन्हाळ्यात पानी असतंय. तुमची पोरगी हंडा घिऊन रानोमाळ हिंडायची न्हाई." एवढ्या एका शब्दावर मला पारनेर तालुक्यात दिली.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी रागानं सांगणार आहे. गावात म्हणतात, ही बाई तोंडाची फटकळ आहे, उठसूट चिडते. असेन फटकळ. पण उगाच चिडत नाही. माहेरी हंडे वाहून वाहून माझ्या टाळूवरचे केस विरळ झाले होते, ते या गावात येऊन पुन्हा भरले. मी नवऱ्यासाठी नाही, पाण्यासाठी इथं आले. ते पाणी दुष्काळानं नेलं असतं तर मी गप्प बसले असते. दुष्काळाशी भांडून काय करणार?

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. गावात त्यांची ओळख एकच, डोंगराचे राखणदार. त्यांना कुणी नेमलं नव्हतं की पगार दिला नव्हता. राळेगणसिद्धीचं पाण्याचं काम बघून आजूबाजूच्या ज्या गावांनी कंबर कसली, त्यात आमचंही गाव होतं. बोडक्या डोंगरावर सगळ्या गावानं श्रमदानानं आडवे चर खणले, पावसाचं पाणी पळून न जाता तिथंच मुरावं म्हणून. आणि मग बंदी घातली. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. नुसतं तोंडी ठरवून कोण ऐकतंय? म्हणून खंडोबाच्या देवळात घरटी एक माणूस बोलावला आणि प्रत्येकाला बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि भंडारा हातावर घेऊन देवासमोर द्यायचा तो शब्द. कोर्टात खोटं बोलणारी माणसं आमच्याकडं पुष्कळ आहेत, पण बेलभंडार उचलून कुणी खोटं बोलत नाही.

बंदी मोडणाऱ्याला दंड होता, पण पैशाचा नव्हे. त्यानं देवळासमोर, सगळ्यांना दिसेल असं, दिवेलागणीपर्यंत उभं राहायचं. बसायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. येणारा-जाणारा बघून जाणार. ही शिक्षा मामांनीच काढली होती, आणि ती मी भोगलेली आहे. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. माझी माहेरची शेळी दावं तोडून डोंगरावर गेली. चार घास खाल्ले असतील बिचारीनं. मामांनी स्वतःच्या सुनेला, नव्या नवरीला, शेळीचं दावं हातात देऊन देवळासमोर उभं केलं. सगळ्या गावातल्या बाया मला बघून गेल्या. घरी आल्यावर मी कितीतरी दिवस मामांना ताट वाढलं, पण तोंड उघडलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट ते नवऱ्याला म्हणाले, "पोरगी हिमतीची हाय. हुबी ऱ्हायली, रडली न्हाई."

राग होता, पण डोंगर बघितला की जायचा. गवत कमरेएवढं. सीताफळं, बोरी, करंज आपोआप वाढलेले. आणि खाली विहीर. उन्हाळ्यात माहेरची माणसं आली की आधी त्या विहिरीवर जायची, वाकून आत बघायची, आणि मगच घरात यायची. माझी आई तर एकदा तिथं काठावर बसून नुसती बघत राहिली. मी म्हटलं, "आई, चल ना, चहा निवतोय." ती म्हणाली, "निवू दे."

दिवाळीच्या सुमाराला गवत पिवळं पडलं की बंदी एका गोष्टीपुरती सैल व्हायची. गुरं सोडायची नाहीतच, पण प्रत्येक घरातल्या बाईनं विळ्यानं गवत कापून डोक्यावर भारा आणायचा. आमच्या गाई त्यावर हिवाळा काढायच्या आणि दूध डेअरीला जायचं. नवऱ्याचं सगळं लक्ष त्या दुधात. डोंगर मामांचा, दूध नवऱ्याचं आणि पाणी माझं, अशी आमच्या घरात वाटणी होती.

मग स्पर्धा सुरू झाल्या. पाण्याचं काम करणाऱ्या गावांना बक्षीस. दर एक-दोन वर्षांनी जीपमधून समिती यायची. शाळेपुढं मांडव, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, टेबलावर फाईल. समितीचे साहेब ठरावीक प्रश्न विचारायचे. डोंगरावर जनावरं चरतात का? झाडं तोडली जातात का? अतिक्रमण आहे का? उत्तर नाही असलं की गुण. मामांना ती उत्तरं तोंडपाठ झाली होती. गवत कापायचं मात्र समितीसमोर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. कुठल्याशा समितीतल्या एकानं, कापणी म्हणजेसुद्धा वापरच की, असं म्हणून गुण कापले होते. ते मामांच्या मनाला इतकं लागलं की त्यानंतर समिती यायची म्हटलं की ते आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगायचे, "विळे माळ्यावं टाका. कुनी भाऱ्याचं नाव काडू नका." आमच्या गावाला पहिला नंबर कधी मिळाला नाही. दुसरा मिळाला. त्याची ढाल ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे.

ही सगळी हकीकत माहीत असल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, हे लोक मूर्ख होते का? मूर्ख नव्हते. त्यांनी एका परीक्षेचा अभ्यास केला होता, आणि पेपर दुसऱ्याच परीक्षेचा आला.

मोठा रस्ता मंजूर झाला. रस्त्याला खडी लागते आणि खडीला डोंगर लागतो. आमचा डोंगर सातबाऱ्यावर सरकारचा. आम्ही त्याला आमचा म्हणत होतो, ते आमचं आम्हीच. सरकारनं डोंगर द्यायचा, कंपनीनं यंत्रं आणायची, खडी फोडायची, रस्ता करायचा, असं दोघांचं ठरलं होतं. याला ते भागीदारी म्हणत होते. आमच्याकडं वाट्यानं शेत करतात, म्हणून भागीदारी आम्हाला कळते. जमीन कुणाची, बैल कुणाचे, बी कुणाचं आणि उभ्या पिकात कुणाचा किती वाटा, हे नांगर घालायच्या आधी दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसून बोलतात. इथं दोघं बसले, दोघं बोलले, आणि ज्याच्या दारात नांगर घालायचा त्याला सगळ्यात शेवटी बोलावलं.

बोलावलं तेही कसं? सरपंच म्हणजे नात्यातलाच माणूस, मामांना काका म्हणणारा. तो घरी येऊन म्हणाला, "काका, नगरवरनं साहेब येनार हाईत. डोंगराबद्दल विचारनार हाईत. तुमच्यासारखं डोंगराचं कोन सांगनार?" जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी आमच्या तोंडी अजून नगरच आहे. मामांनी विचारलं, "समिती हाय का?" सरपंच म्हणाला, "समितीच समजा." त्याला तेव्हाच सगळं ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. पुढं त्याचे दोन डंपर खाणीवर लागले, एवढं मात्र सगळ्या गावाला माहीत आहे.

मामांनी धोतर बदललं, फेटा बांधला. आदल्या दिवशी घरोघर जाऊन विळे माळ्यावर टाकायला सांगून आलेच होते.

शाळेपुढं मांडव, पांढऱ्या अभ्र्यांच्या खुर्च्या, टेबलावर फाईल. सगळं तसंच. फरक एवढाच की टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या. मामांनी विहिरीचं पाणी तांब्यातून नेलं होतं. साहेब हसून म्हणाले, "ठेवा, ठेवा," आणि बाटली उघडली. मग एकानं कागद वाचला. गौण खनिज, उत्खनन, पर्यावरण व्यवस्थापन, असे शब्द भराभर गेले. देवळातला भटजी लवकर उरकायचं असलं की मंत्र म्हणतो, तसं ते वाचणं होतं. कंपनीचा मॅनेजर उठला आणि सरकार, कंपनी आणि गाव मिळून विकास करणार, असं बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या आम्ही प्रत्येक समितीला वाजवत आलो होतो.

साहेबांनी विचारलं, "या डोंगरावर गावातली जनावरं चरतात का?"

मामा उभे राहिले. "येक शेरडू बी न्हाई, साहेब."

"सरपण आणायला कुणी जातं?"

"काडी न्हाई. वाळल्याली बी न्हाई."

"कुणाची शेती? अतिक्रमण?"

"आमच्या गावात?" मामांना हा प्रश्नच अपमानाचा वाटला. "नाव दाखवा साहेब. देवाला शब्द दिलाय आमी."

"म्हणजे गाव या डोंगरावर कशासाठीही अवलंबून नाही?"

"कशासाठीच न्हाई. आमी त्येला हातच लावत न्हाई."

काय ताठ उभे होते मामा. लेकीच्या लग्नातसुद्धा मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

अवलंबून हा शब्द ऐकला आणि मला बसवेना. बाया मागं बसल्या होत्या. मी उठले. म्हटलं, "साहेब, पाण्याचं लिहा. आमची विहीर डोंगरावर चालते. आणि गवताचं पण..." साहेब म्हणाले, "ताई, विहीर डोंगरावर आहे की खाली?" मी म्हटलं, "खाली, पण पाणी तर वरूनच..." ते म्हणाले, "खाली आहे ना? मग तो विषय वेगळा. आता डोंगराच्या वापराचं चाललंय." मी पुढं बोलणार, तेवढ्यात मामा वळले. गवताचं नाव ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला होता. सगळ्यांदेखत म्हणाले, "बस खाली. मदी मदी बोलू नगं."

मी बसले. चूक माझी नव्हती, आणि मी ती आजही माझ्या अंगावर घेणार नाही. सासरा सगळ्या गावापुढं बस म्हणाला तर कुठली सून उभी राहिली असती, ते मला दाखवा.

पुढचे काही महिने मामा सरपंचाला भेटेल तिथं विचारायचे, "निकाल लागला का? कितवा नंबर आला?" सरपंच म्हणायचा, "लागंल, काका." मग एके दिवशी सकाळी पोकलेन आलं.

खाण डोंगराच्या उगवतीच्या अंगाला सुरू झाली. पहिला टप्पा म्हणत होते. सुरुंग लावायच्या आधी भोंगा वाजायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा गाई दावं ताणून उभ्या राहिल्या आणि फळीवरची भांडी खाली आली. नंतर मी भांडी फळीवर ठेवायचंच सोडलं. गाईंच्या लसूणघासावर धुरळा बसायचा आणि गाई तो घास हुंगून बाजूला करायच्या. मग मी घास धुवायला लागले. पाण्यानं घास धुते, हे माहेरी सांगितलं असतं तर मला वेडी म्हटलं असतं. दिवाळी आली, पण त्या बाजूला गवताला जाऊ देईनात. उरलेल्या अर्ध्या डोंगरावर सगळ्या बायांनी गर्दी केली आणि माझ्या वाट्याला आला तो भारा एका हातानं उचलता येईल एवढाच होता.

आणि त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. मी वाकून बघितलं तर खालचे दगड दिसत होते. लग्न होऊन आल्यापासून ते दगड मी कधी बघितले नव्हते.

मी मामांना घेऊन पारनेरला गेले. नवरा म्हणाला, "सरकारशी कोण भांडणार गं? राहू दे." मी म्हटलं, "तुम्ही दूध काढा, भांडायचं मी बघते." कचेरीत एक भला माणूस भेटला, त्यानं खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "ताई, आमची फक्त जागा. काम कंपनीचं. नुकसानीचं त्यांच्याकडं बोला." खाणीवरच्या मॅनेजरकडं गेलो. तोही भला. म्हणाला, "आमचं फक्त काम. जागा सरकारची. हरकतीचं त्यांच्याकडं बोला." असे आम्ही दोन भल्या माणसांच्या मधे हेलपाटे घालत राहिलो. भागीदारी म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. काही मागायला गेलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतो, ती भागीदारी.

शेवटच्या खेपेला पारनेरचा तो माणूस जरा वैतागला. मामांकडं बघून म्हणाला, "आजोबा, तुम्हीच तर सांगितलंत, गाव डोंगर वापरत नाही. वापर असता तर एवढ्या सहज देता आला नसता. आता आम्ही काय करणार?"

मामा उठून बाहेर आले. एसटीत माझ्या शेजारी बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. सुप्याच्या फाट्यापर्यंत तसेच. मग म्हणाले, "मला वाटलं, समिती हाय."

मी फटकळ बाई. या क्षणी काहीतरी लागेल असं बोलायची मला वर्षानुवर्षं हौस होती. देवळासमोर उभं केलेलं मी विसरले नव्हते, मांडवातलं बस खाली तर अजून ताजं होतं. पण त्यांच्या मांडीवरचा तो फेटा बघितला आणि माझी जीभ उचलली नाही. म्हटलं, "मामा, फेटा घाला. वारं आहे."

गावात टँकर सुरू झाला. टँकरच्या एका अंगाला सरकारचं चिन्ह, दुसऱ्या अंगाला कंपनीचं. ज्या बाईला पाण्याच्या गावात दिली होती, ती पन्नाशीला आल्यावर पुन्हा हंडा घेऊन रांगेत उभी. आई आता नाही, ते एक बरं झालं.

मग सरपंचानं बातमी आणली की दुसरा टप्पा येणार आहे. मावळतीचा उरलेला अर्धा डोंगर. पुन्हा साहेब येतील, पुन्हा विचारतील.

मामा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "वापर न्हाई म्हनून दिला ना त्येनी? मग वापर करू."

मला आधी कळेना. ते देवळात गेले, बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन उभे राहिले. मी मागं होते. खंडोबाला म्हणाले, "देवा, तुला दिल्याला सबूद माघारी घेतो. मला माफी न्हाई, ठावं हाय. गावाला दे." आणि पान देवाच्या पायावर ठेवलं. तिथून घरी आले, माझ्या शेळीचं दावं सोडलं आणि स्वतः तिला डोंगरावर घेऊन गेले. ज्यांनी माझ्या शेळीच्या चार घासांसाठी मला भर गावात उभं केलं, ते मामा शेळीच्या पुढं चालत होते. गावातली माणसं ओट्यावरून उठून उभी राहिली. 

मी त्यांना अडवलं होतं. म्हटलं, "मामा, असं करू नका. एकदा गुरं चढली की गावाला आवरता येणार नाही तुम्हाला." ते म्हणाले, "आवरायचं न्हाईच. जेवढी चढतील तेवढी चांगली. साहेबाला दिसाया पायजे, गाव ह्याच्यावं जगतंय." मी म्हटलं, "आणि पाणी?" ते म्हणाले, "डोंगर ऱ्हायला तर पानी कंदी ना कंदी यील. डोंगरच गेला तर कुठनं यील?"

बोलणं बरोबर होतं हो. आजही मला त्यात चूक काढता येत नाही.

गाव चढलं. आधी शेळ्या, मग गाई, मग शेजारच्या गावांतल्या मेंढ्या. बंदी उठली हे कळायला वेळ लागत नाही. मामा घरोघर जाऊन सांगायचे, "सोडा गुरं, कुऱ्हाडी न्या." ज्या तोंडानं विळे माळ्यावर टाकायला सांगायचे, त्याच तोंडानं. पहिली बोर पडली त्या दिवशी ते तिथंच होते. घरी आले तेव्हा हाताला काटे लागलेले. मी हळद लावायला गेले, तर नको म्हणाले. दोन पावसाळ्यांत उरलेला डोंगर असा बोडका झाला की चर खणायच्या आधी तो जसा होता असं मामा सांगायचे, तसा मी डोळ्यांनी बघितला. चर ढासळून बुजले.

दुसऱ्या सुनावणीला एक मॅडम आल्या. तरुण, मऊ बोलणाऱ्या. खरं सांगते, त्यांचा राग करावा असं काही नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग येतो. त्यांनी मांडवात बसून विचारलं नाही. पायात बूट घालून स्वतः डोंगर चढल्या. मामा सोबत, मी मागं. वर गुरं होती. मामांनी हात करून दाखवलं, "बघा मॅडम. सगळ्या गावाची जनावरं हितंच. सरपन हितनंच. गाव ह्याच्यावं जगतंय. समदं लिवा."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग इकडंतिकडं बघितलं. पायानं मुरूम उकरला. म्हणाल्या, "आजोबा, हे तर पार उजाड झालंय. गवत नाही, झाड नाही, माती वाहून गेलीय. खाण झाली म्हणून इथं बिघडण्यासारखं काही उरलंय का?"

"हुतं," मामा म्हणाले. "आधी हुतं."

"कधी?"

"पयले साहेब आले तवा."

मॅडमनी फाईल चाळली. "तेव्हा तर वापर नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

मी पुढं झाले. या खेपेला मला बस म्हणायला कुणी नव्हतं. म्हटलं, "मॅडम, वापर नव्हता म्हणून घेतला, आता वापर आहे म्हणून घेताय. मग तुम्हीच सांगा, माणसानं डोंगराचं काय करायला पाहिजे होतं, म्हणजे तुम्ही तो घेतला नसता?"

 त्या म्हणाल्या, "ताई, मी फक्त आहे ते लिहू शकते." आणि त्यांनी आहे ते लिहिलं.

दुसरा टप्पा मंजूर झाला. सगळ्या डोंगराला तारेचं कुंपण पडलं. खाण उगवतीकडून सरकत येईपर्यंत मावळतीकडची जागा तशीच राहणार होती, तिथं कंपनीनं रोपं लावली. खड्डे खणून, आळी करून, टँकरचं पाणी घालून. वाटेवर मोठी पाटी लागली, सरकारचं चिन्ह एका बाजूला, कंपनीचं दुसऱ्या बाजूला. मधे लिहिलंय, चराई व वृक्षतोडीस सक्त मनाई.

मामांना वाचता येतं. पण ते त्या दिवशी पाटी न बघताच गेले. सवयीनं शेळी घेऊन निघाले होते. दुपार झाली तरी आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. वाटेत खाणीचा वॉचमन भेटला, बाहेरगावचा, निळ्या कपड्यातला. म्हणाला, "ते म्हातारबाबा तुमचे का? त्यांना सांगा, इथं शेळी चारायला बंदी आहे. साहेब आम्हाला रागावतात. मी चांगल्या शब्दांत सांगितलं, तर बरं म्हणाले आणि गेले."

"कुठं गेले?"

त्यानं गावाकडं हात केला.

मामा देवळासमोर उभे होते. शेळीचं दावं हातात. नेमके त्या जागी, जिथं मला उभं केलं होतं. पारावर दोन-तीन माणसं बसली होती, ती खाली बघत होती. मी धावत गेले. म्हटलं, "मामा, हे काय? चला घरी. लोक बघतायत."

"बघू दे," ते म्हणाले. "बघाया म्हनूनच हुबं करत्यात." मग जरा थांबून म्हणाले, "राखन चांगली हाय त्येंची. येक शेरडू जाऊ देत न्हाईत."

मी ओरडले. माझी सगळ्या जन्माची चीड त्या म्हाताऱ्या माणसावर काढली, दुसरं कुणी समोर नव्हतं म्हणून. तुम्ही काय चूक केली, म्हटलं, चोरी केली की दरोडा घातला? उभं राहायचं तर त्या साहेबानं राहावं, त्या मॅनेजरनं राहावं, सरपंचानं राहावं. तुम्ही कशाला? मामांनी उत्तर दिलं नाही. शिक्षा चालू असताना बोलायचं नसतं, हा नियम त्यांचाच होता, आणि आधीच ते दोन वाक्यं जास्त बोलले होते.

 मी घरातून खुर्ची आणून मागं ठेवली. ते बसले नाहीत. डोंगराकडून भोंगा वाजला, शेळी बिचकली, मामांनी दावं घट्ट धरलं. शेवटी मी त्यांच्या हातातून दावं सोडवून घेतलं आणि शेळी घरी आणून बांधली. ते मात्र दिवेलागणीपर्यंत तिथंच उभे राहिले.